मापाचा ब्लाउज

धंद्यातलं ज्याला काडीचं कळत नाही, तो दुसऱ्याला धंदा शिकवायला कायम मोकळा असतो. आमचा गाळामालक त्यातला. बापाने पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर ओळीने गाळे बांधून ठेवले, त्यांच्या भाड्यावर हा पोट सुटेपर्यंत जेवला, आणि एका दुपारी माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून मला सांगायला लागला की ताई, आता एकट्या माणसाचा धंदा राहिला नाही. आता सगळं शेअरिंगमध्ये चालतं. आपल्याला पूरक असा धंदा बघायचा, जागा अर्धी अर्धी करायची, एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला मिळतं. मुंबईत सगळे असंच करतात. मुंबईत कोण काय करतं हे याला कुठून कळलं, तर याची मेहुणी कळव्याला राहते.

त्याचा मतलब सरळ होता. भाडं वाढवायचं होतं आणि मी एकटी ते देणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून अर्धा गाळा मी ठेवायचा, अर्धा त्याने आधीच शोधून ठेवलेल्या बाईला द्यायचा. पटत नसेल तर मोबाइलवाला अख्खा गाळा घ्यायला तयार होता. आमच्या एवढ्याशा बाजारात गरजेपुरते डॉक्टर मिळत नाहीत, पण मोबाइलचं कव्हर बदलून द्यायला रांगेने माणसं बसलेली आहेत.

मी जागा सोडू शकत नव्हते. मी ब्लाउज शिवते आणि माझं गिऱ्हाईक डोंगरातलं आहे. कशेडीच्या जुन्या घाटाकडच्या वाड्यांतल्या बाया सकाळच्या एसटीने उतरतात, बाजार करतात, आणि दुपारच्या गाडीने परत जातात. गाडी चुकली तर पायी. अशा बाईला मी दुकान आतल्या गल्लीत हलवलं म्हणून सांगणं म्हणजे येऊ नकोस म्हणून सांगणं. शिवाय माझ्याकडे त्यांची मापं होती.

मापं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शहरात टेपने माप घेतात असं ऐकते. आमच्या वाडीवरची बाई अंगाला टेप लावू देत नाही. परक्या माणसाने छातीभोवती दोरी गुंडाळायची, तिला नंबर द्यायचा, हा तिला चावटपणा वाटतो, मग ते माणूस बाई का असेना. ती आपला नीट बसणारा एक जुना ब्लाउज आणून देते. तो मापाचा ब्लाउज. नवा त्यावरून बेतायचा. मापाचा ब्लाउज परत न्यायचा नाही, तो शिवणारीकडेच राहतो. बाई मुंबईला नवऱ्याकडे गेली तरी तिचं माप माझ्याकडे असतं, ती तिकडून फोन करते, सासूजवळ कापड देते आणि गणपतीला आली की नवा ब्लाउज तयार. प्रत्येक वाडीचं वेगळं गाठोडं, प्रत्येक गाठोड्याला वेगळं फडकं. जुने, विटलेले, काखेत विरलेले ब्लाउज दिसतात ते बघणाऱ्याला. माझा तो सगळा धंदा होता.

त्या गाठोड्यांपैकी एकात एक जांभळा ब्लाउज होता. त्याचीच ही गोष्ट आहे.

तो ज्या मुलीचा, तिला मी तो बारावीच्या निरोप समारंभासाठी शिवून दिला होता. अंग काडीसारखं. बत्तीसचं माप धरलं तरी खांद्यावरून उतरेल की काय अशी भीती. पुढे ती नोकरीला मुंबईला गेली आणि तिकडे तिने जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं. झालं. वाडीची गावकी बसली. गावकी म्हणजे काय, तर ज्यांना स्वतःच्या घरात कोणी विचारत नाही असे पाचसात जण एकत्र बसले की त्यांची गावकी होते. कायदा आला आहे म्हणे, वाळीत टाकलं तर शिक्षा आहे म्हणे. असेल. वाळीत टाकलं असं कोणी म्हणालंच नाही. आईला देवीची पालखी ठेवतात त्या सहाणेवर उभं केलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की मुलीशी एक शब्द बोलणार नाही, तिला घराची पायरी चढू देणार नाही. तिचा म्हातारा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. त्याला खांदा द्यायला कोणी येणार नाही, एवढंच गावकीने सांगितलं. तिने हात ठेवला. म्हातारा पुढे वारला तेव्हा खांद्याला माणसं आली. मोठे उपकार केले.

त्यांच्या घरात उभ्याची गौर असते. लाकडाच्या चौकटीवर मुखवटा आणि खाली साडी-ब्लाउज. गौर माहेरवाशीण म्हणून येते, जेवते, निजते, जाते. पोरीने लग्न केलं त्या वर्षी ही आई माझ्याकडे जांभळा ब्लाउज घेऊन आली आणि म्हणाली, गौरीला या मापाचा शिव. मी विचारलं नाही. तेव्हापासून दरवर्षी ती कापड आणून देते, मी शिवते. न्यायला आली की ती जांभळा ब्लाउज मागते, टेबलावर पसरते, त्यावर नवा ठेवते, शिवणीला शिवण लावून बघते, बाह्यांतून हात फिरवते आणि मग नवा पिशवीत टाकून जुना मला परत देते. घरी नेत नाही. घरी ठेवला तर भावकीतलं कोणीतरी बघेल.

आणि पोरगी दरवर्षी गौरीच्या आधी मला फोन करते. काही विशेष बोलत नाही. आई बरी आहे का विचारते आणि यंदा कुठला रंग आणला ते विचारते. पहिल्या वर्षी मी ते आईला सांगायला गेले, तर बाई उठून उभी राहिली. म्हणाली, "मला सांगू नको गो बाय. ऐकलं तर देवीपुढं खोटी पडंन." हिला देवीचं एवढं भय, आणि जे देवीला पुढे करून हिच्या डोक्यावर बसले ते सहाणेच्या मागे बसून पत्ते कुटतात. पण तिचं म्हणणं मी मानलं. सांगितलं नाही.

तर अशा गाळ्यात मालकाने पार्लरवाली आणली.

नालासोपाऱ्याहून आलेली, तिशीतली, नवऱ्याची कंपनी बंद पडली म्हणून सासरच्या गावी परतलेली. ब्युटीशियनचा कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि माझ्या देवाच्या फोटोच्या वरच्या खिळ्याला लावलं. मी ते खाली उतरवलं. पहिल्याच दिवशी तिने मला मावशी केलं. सगळं पोलादपूर मला ताई म्हणतं, गाळामालकासारखा माणूससुद्धा ताई म्हणतो, आणि ही मावशी. पुन्हा बोलणं निम्मं हिंदी. "मावशी, टेन्शन नका घेऊ, आपलं एकदम सेट होऊन जाईल."

सेट काय झालं ते ऐका. माझं शिलाई मशीन दारात, उजेडाला. तिची खुर्ची आत, आरशासमोर. मध्ये एक पडदा. पडदा एकच, कारण मालकाने तेवढाच दांडा ठोकून दिला. माझ्या गिऱ्हाईकाला ब्लाउज घालून बघायचा असेल तर तिच्या गिऱ्हाइकाने तोंडाला लेप लावून बाहेर येऊन बसायचं. एसटीची वाट बघणारी माणसं दुकानात पांढऱ्या तोंडाच्या बाया बघून थबकायची. तिच्या केसांच्या रंगाला असा वास की माझ्याकडून साडीला फॉल लावून घेऊन गेलेली एक बाई परत आली आणि म्हणाली, साडीला फिनेल मारलंत काय. तिची तक्रार अशी की माझ्या मशीनचं तेल तिच्या टॉवेलला लागतं. टॉवेल दुकानाच्या दारात, रस्त्याकडे वाळत घालायची, वर तक्रार.

पूरक म्हणावं असं आमच्यात एकच होतं, दोरा. भुवया कोरायला तिला दोरा लागतो आणि तो माझ्या रिळाचाच बरा चालतो असा तिने पहिल्या आठवड्यात शोध लावला. एक टोक दातात, दोन बोटांत पीळ, आणि करकर करकर. माझी चांगली पांढरी रिळं ती बायांच्या भुवयांवर संपवत होती. मी बोलले. तेव्हा तिने तोड काढली: रिळं ती स्वतः आणेल, त्यातलीच मी वापरायची, आणि बदल्यात माझं कातरण तिला द्यायचं. बेतताना उरतात ते सुती तुकडे. हातापायांचे केस काढायला गरम मेण लावतात, त्यावर कापडाची पट्टी दाबतात आणि ओढतात. त्या पट्ट्यांना माझं कातरण चालत होतं. मला काय, मी ते असंही कचऱ्यातच टाकत होते. कातरण मी एका फडक्यात बांधून टेबलाखाली ठेवायला लागले. त्या एका तहावर गाळामालकाने आपली पाठ इतकी थोपटून घेतली की जणू त्यानेच ते मेण शोधून काढलं.

धंदा वाढला हे कबूल करते, कारण लोकांना वाटेल मी आकसाने बोलते. हूक-काज होईपर्यंत बसलेल्या बाया भुवया करून घ्यायला लागल्या. आधी हसायच्या. मग एकीने केल्या, तिला वाडीवर कोणी काही बोललं नाही, मग दहा जणी आल्या. श्रावण सरत आला तशी गर्दी वाढली. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला आणि तो गणपतीला घरी येतो. बाकी वर्षभर ज्या बाया शेणात हात घालून असतात त्यांना गणपतीच्या आठवड्यात एकदम आठवण होते की नवरा येणार. नवराही कसला, तर येताना दोन पिशव्या मळके कपडे घेऊन येतो आणि आल्या दिवसापासून आरतीच्या मंडळात बसतो. तो भुवया बघणार. पण यांची रांग.

त्याच गर्दीत माझी दाढ सुजली. दोन दिवस लवंग धरली, मग महाडला जाऊन काढूनच टाकली. जाताना पार्लरवालीला सांगितलं, कोणी कापड घेऊन आलं तर ठेवून घे, कशाला हात लावू नकोस. ती म्हणाली, टेन्शन नका घेऊ.

परत आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा आणि अर्धा गाल बधिर. दुकानात तीन बाया, मेणाचा वास, आणि जमिनीवर टोपलीभर वापरलेल्या पट्ट्या. मी ओलांडून पुढे जाणार तर एका पट्टीला हूक दिसला. माझ्या कातरणाला हूक नसतो. वाकून उचलली. जांभळी पट्टी, मधोमध मेण, मेणाला कोणाच्या तरी पिंढरीचे केस.

टेबलाखाली बघितलं. कातरणाचं फडकं जिथल्या तिथे, न सोडलेलं. त्याच्या शेजारचं वाडीचं गाठोडं सुटलेलं आणि वरचे सातआठ ब्लाउज गेलेले. मला त्या क्षणी जे बोलायचं होतं ते मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते, आणि तोंडातून निघालं ते "ऊं ऊं" एवढंच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, दुखतंय का फार?" मी बोळा काढून टाकला. मग मात्र बोलले. रक्त आलं तरी बोलले. रांगेतल्या तिन्ही बाया एकेक करून उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

तिचं म्हणणं असं की दोन्ही गाठोडी सारखीच दिसतात. हे मळकं, ते मळकं. आणि फाटक्या ब्लाउजांचं कोणी माप म्हणून काय करेल हे तिला नालासोपाऱ्यात कोणी शिकवलं नव्हतं. रडली. मी म्हटलं, रडून पट्टीचा ब्लाउज होत नाही.

बाकीच्यांचं निस्तरलं. त्यांच्या घरी दुसरे जुने ब्लाउज होते, आणून दिले, वर चार शब्द ऐकवले, ते मी सगळे पार्लरवालीकडे वळते केले. जांभळ्याचं निस्तरणार कसं? तिने आणि मी दोघींनी मिळून टोपली उपसली. गरम पाण्यात मेण सुटतं असं ती म्हणाली म्हणून पट्ट्या उकळल्या, धुतल्या, इस्त्री केली. मी आजवर कोणाकोणाचे कपडे इस्त्री केलेत, पण वाडीतल्या कोणाच्या पायाचे केस झटकत इस्त्री करायची पाळी त्या अर्ध्या गाळ्यामुळे आली. पाठ जुळली, एक बाही जुळली. हुकाची ती एक पट्टी सोडली तर पुढचे दोन्ही भाग गेले. ते कचऱ्याच्या गाडीने उचलले होते.

अंदाजाने शिवता आला असता. लाकडाच्या चौकटीला कुठलाही ब्लाउज बसतो, तिला छाती नाही की पाठ नाही. मी कापड पुढ्यात घेऊन बसलेसुद्धा. त्या वर्षी पोरीच्या म्हाताऱ्या आईने मोरपंखी दिलं होतं. पण शिवून करायचं काय? ती येणार, जुना मागणार, टेबलावर पसरणार आणि शिवणीला शिवण लावणार. मी कात्री खाली ठेवली.

ती आली त्या दिवशी दुकानात दुर्दैवाने तिच्याच भावकीतली एक सून खुर्चीत होती. गावकीचा म्होरक्या जो गावकार, त्याची सून. ज्याने नारळ पुढे धरला त्याच्या घरची. नवरा गोरेगावला, दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून बाई भुवया कोरायला बसलेली. एक कोरून झाली होती, दुसरी व्हायची होती. पडदा उघडाच होता, कारण गर्दीत तो ओढायला कोणाला वेळ नव्हता.

म्हातारीने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काय गो, झाला?"

मी पार्लरवालीकडे बघितलं. म्हटलं, तू सांग. चूक तुझी, तोंड तुझं. ती दोरा हातात तसाच धरून पुढे आली आणि सांगितलं. सॉरी काय, मिस्टेक काय, सगळं झालं. मी पाठीचा तुकडा आणि बाही काढून टेबलावर मांडली. म्हातारीने त्यांवरून हात फिरवला. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती तुकडे जुळवत बसली. एकाला दुसरा लावून बघायची, मग परत उलटा करून लावायची. पुढचा भाग कुठे आहे हे तिला आम्ही सांगून झालं होतं, तरी ती टेबलाखाली वाकून बघून आली. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की कोणाला तरी फोडून काढावंसं वाटलं, आणि हाताशी फक्त पार्लरवाली होती.

"आता गौरीला काय घालू?" असं ती स्वतःशीच म्हणाली.

पार्लरवालीला वाडीची गोष्ट ठाऊक नव्हती, ब्लाउज हिच्या मुलीचा एवढंच माहीत होतं. मी सांगितली नव्हती, सांगण्याइतकी ती माझी कोणी लागत नव्हती. ती आपली सरळ बोलून गेली, "पण काकी, मुलगी आहे ना? मग तिलाच फोन करून विचारा की माप."

खुर्चीतली सून आरशातून बघत होती. एक भुवई बारीक, एक जाड, आणि दोन्ही वर चढलेल्या. म्हातारीने तिला पाहिलं. मला वाटलं आता ही उठते, पिशवी घेते आणि जाते, आणि पुढच्या वर्षीपासून येत नाही. ती उठली नाही. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय बोलनार नाय. माप तुला लागतंय. तू इचार."

मी फोन लावला. मुद्दाम आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, तुकड्यांच्या शेजारी. सुनेकडे बघून मी ते केलं, लपवत नाही.

पोरीने लगेच उचलला. ताई, मी करणारच होते, म्हणाली. मी म्हटलं, ऐक, तुझा जांभळा ब्लाउज खराब झाला, तुझं माप सांग. ती हसली. आवाज तसाच होता, बारावीतला, पण हसणं जड झालं होतं.

"आता ते माप कुठलं ताई. छाती चाळीस घ्या. दंड पण भरलेत. धाकटा झाला तेव्हापासून वाढले ती कमी होईना."

म्हातारीने बाही हातात घेतली होती. ती तिने टेबलावर ठेवली. धाकटा म्हणजे एक थोरलाही आहे. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. सगळ्या वर्षांत तिने मला एवढंही सांगू दिलं नव्हतं. ती लाकडाच्या चौकटीला बत्तीसचे ब्लाउज घालत बसली आणि तिकडे तिची पोरगी चाळीसची झाली, दोन मुलांची आई झाली.

फोनवर पोरगी विचारत होती, आई बरी आहे का. यंदा रंग कुठला?

मी म्हटलं, मोरपंखी. बरी आहे.

तेवढ्यात सून खुर्चीतून अर्धी उठली. तिला जायचं होतं, एकदम घाई झाली होती, एसटीची वेळ झाली म्हणाली. पार्लरवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. इतक्या महिन्यांत त्या बाईने केलेलं मला पटलं असं हे एकच काम. म्हणाली, "दुसरी राहिलीय ताई. अशाच गेलात तर मिस्टर काय म्हणतील? बसा. आणि बोलू नका, दोरा हलतो." तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि सुनेच्या डोळ्यावर वाकली. सून डोळे मिटून, तोंड मिटून बसली. गावकाराच्या घरातलं तोंड मिटलेलं मी तेव्हा प्रथमच बघितलं.

म्हातारीने मोरपंखी कापड पिशवीतून नाही, माझ्या टेबलावरूनच उचललं. उलगडलं. हाताने अंदाज घेतला, टीचभर इकडे, टीचभर तिकडे. मग फोनच्या अगदी जवळ वाकली, माझं तोंड पलीकडे होतं तरी, आणि बाजारात बोलतात तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली:

"चाळीसचा शिव गो बाय. कापड कमी पडलं तर मी अजून आनते. गौरीला सैल झाला तर होऊ दे सैल. भरल्या अंगाची हाय ती. खातेपिते, पोराबाळांची हाय. बाह्या लांब ठेव, तिला आखूड आवडत नव्हत्या."

फोन कट झाला नव्हता, स्क्रीनवर सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते. आत दोऱ्याची करकर तेवढी चालू होती.

वाडीवर पुढे अर्थातच झालं. सुनेच्या दोन्ही भुवया एकसारख्या झाल्या आणि तोंडही पुन्हा चालू झालं. गणपती उठल्यावर गावकीतले दोघे खास एसटीने माझ्याकडे विचारायला आले, म्हातारी पोरीशी बोलली की नाही. त्यांना मी उभंच ठेवलं. सांगितलं, माझ्याशी बोलली. ब्लाउजाचं माप सांगत होती, आणि ब्लाउज मी शिवते. वाटल्यास नारळ आणा, कुठल्याही सहाणेवर हात ठेवून सांगते.